बेबीनंदा आणि करोडगिरीचा बंगला

राजूरला जाऊन बेबीनंदा हिवराळे कुठं राहतात असं कुणाला विचारलंत, तर तो बोट दाखवून रस्ता सांगत नाही. "दोन मिन्टं थांबा, ऐकू येईल," म्हणतो आणि आपल्या कामाला लागतो. आणि खरंच, थोड्याच वेळात बंगल्याच्या बाजूनं आवाज येतो. कधी ती शेळीशी बोलत असते, कधी नवऱ्याशी. दोघांशी बोलण्याचा सूर एकच, त्यामुळे नवख्या माणसाला पत्ता कळतो, पण विषय कळत नाही.

हा बंगला म्हणजे करोडगिरीचा बंगला. निजामाच्या राज्यात वऱ्हाडातून येणाऱ्या मालावर जकात घेणारं एक खातं होतं, त्याला करोडगिरी म्हणत. त्या खात्याच्या दरोग्यासाठी गावाबाहेर काळ्या दगडात बांधलेलं हे घर. पुढं व्हरांडा, दोन अंगांना दोन खोल्या आणि मधोमध मालखाना. पकडलेला माल त्यात ठेवायचा, म्हणून त्याला खिडकी नव्हती. दार एकच आणि भिंती हातभर जाड. राज्य गेलं, खातं गेलं, दरोगा हैदराबादला निघून गेला. घर लिलावात गावातल्या काकासाहेबांच्या वडिलांनी घेतलं आणि त्यात कांदे भरले.

काकासाहेबांना मात्र कांद्यांवर समाधान नव्हतं. त्यांना रिकामी जागा बघवतच नाही. एसटीत शेजारची सीट रिकामी असली तरी ते दाराकडं बघून कुणाला तरी हाक मारतात. वडिलांच्या माघारी बंगला हाती आला तेव्हा ते पंचविशीत होते, आणि कांदे वर्षातून चारच महिने असतात ही गोष्ट त्यांना सलत होती. तेवढ्यात त्यांना जालन्याचा अप्पाराव भेटला. हा रेडिओ दुरुस्त करता करता रेकॉर्डिंगच्या नादी लागलेला. कॅसेटचे दिवस होते. भीमजयंती असो, गणपती असो, लग्न असो, नवी गाणी निघायची आणि गायन पार्ट्यांना रेकॉर्डिंगसाठी लांब जावं लागायचं. अप्पारावानं मालखान्यात उभं राहून एक टाळी वाजवली, कान देऊन ऐकली आणि म्हणाला, "बाहेरचा आवाज आत येत न्हाई, हे लाखमोलाचं. आतला घुमून राह्यलाय, त्याचं मी बघतो." त्यानं भिंतींना पोती लावली, पोत्यांवर अंड्यांचे ट्रे चिकटवले, आणि काकासाहेबांच्या नुकत्याच जन्मलेल्या मुलाच्या नावानं 'आदिनाथ रेकॉर्डिंग' अशी पाटी लागली. खुद्द आदिनाथ फार रडायचा म्हणून त्याला मात्र बंगल्याच्या आसपास फिरकू देत नसत.

बेबीनंदा तिथं पहिल्यांदा आली ती घनसावंगीच्या एका गायन पार्टीबरोबर, जीपमध्ये दाटीवाटीनं बसून. तेव्हा तिचं लग्न झालेलं नव्हतं. कोरसमधल्या एका बाईचा घसा बसला होता, तिच्या जागी हिला आणलेलं. जयंतीच्या मिरवणुकीत हिच्या घोषणा या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जात, एवढ्यावर तिची निवड झाली होती.

पहिलं कडवं झालं आणि अप्पारावानं हात वर केला. त्याच्या मशीनवरचा काटा तांबड्या रेघेच्या पार पलीकडं जाऊन थरथरत होता.

"ताई, तुमी जरा मागं सरका," तो म्हणाला.

बेबीनंदा मागं सरकली. काटा हलला नाही. ती आणखी मागं गेली, भिंतीला टेकली. काटा तसाच. मुख्य गायिका आता माइकजवळ एकटी पडल्यासारखी दिसायला लागली. शेवटी अप्पारावानं दार उघडलं आणि बेबीनंदाला उंबऱ्याबाहेर व्हरांड्यात उभं केलं. तिथनं म्हटल्यावर काटा मुकाट जागेवर आला.

व्हरांड्यात एक तरुण ढोलकी मांडीवर घेऊन आधीच बसलेला होता.

"तुमालाबी काढलं का?" बेबीनंदानं विचारलं.

"मी तर इथलाच," तो म्हणाला. "आतून ती खोली कशी हाय, मी आजून बघितली न्हाई."

हा राजानंद हिवराळे, राजूरचाच. त्याच्या ढोलकीच्या थापेनंही काटा असाच पळायचा. त्या कॅसेटची दहा गाणी होईपर्यंत दोघं उंबऱ्याच्या बाहेर शेजारी शेजारी होते. दार अर्धं उघडं ठेवून अप्पाराव आतून खूण करायचा, मग ही गायची आणि तो वाजवायचा. खुणांच्या मधल्या वेळात बोलण्याशिवाय दुसरं काम नव्हतं. पुढच्या कॅसेटला बेबीनंदा पार्टीबरोबर आली, त्याच्या पुढच्या कॅसेटला राजानंदची आई घनसावंगीला जाऊन बोलणी करून आली. लग्नात दुसऱ्या कुणाला तरी ढोलकी वाजवताना बघून नवरदेवाचे हात सारखे शिवशिवत होते, असं बेबीनंदा अजून सांगते.

पुढची दहा-बारा वर्षं तिनं किती कॅसेटमध्ये कोरस म्हटला याची गणतीच नाही. नाव कुठंच नव्हतं. कव्हरवर गायकाचं नाव, कवीचं नाव, काकासाहेबांचा फेटा बांधलेला फोटो आणि खाली बारीक अक्षरात 'व सहकारी'. घरी टेप लावून ती कान देऊन बसायची आणि राजानंदला म्हणायची, "ह्यात मी कुठं हाये, सांगा बरं." राजानंद प्रामाणिक माणूस. तो म्हणायचा, "माझीबी ढोलकी मला सापडून न्हाई राह्यली. आसंल कुठं तरी, तुला काय करायचं." पण बेबीनंदाला ते लागायचं. सगळं गाव म्हणतं हिचा आवाज मोठा, आणि एवढ्या मोठ्या आवाजातला टिचभरसुद्धा तिला स्वतःला ओळखू येत नव्हता.

मग सीडी आल्या, मोबाईल आले, आणि कॅसेट कुणी घेईना. अप्पाराव लग्नाचे व्हिडिओ काढायला औरंगाबादला गेला. जाताना बंगल्याची किल्ली त्यानं बेबीनंदाच्या हातात दिली, कारण तिचं घर बंगल्याच्या मागंच होतं. "काकासाहेबांना नेऊन द्या," म्हणाला. ती नेऊन द्यायला गेली. काकासाहेब जेवत होते. म्हणाले, "राहू द्या तुमच्याकडंच, बेबीताई. दोन-चार दिवसांत काही तरी चालू करतोच."

त्या किल्लीनं बेबीनंदाचा पुढचा जन्म ठरवला. काकासाहेब नवा धंदा काढायचे, किल्ली मागायला यायचे, किल्लीबरोबर ती जायची, आणि कुलूप उघडून आत गेलेल्या बाईला बाहेर जा म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

आधी कोंबडीची पिल्लं आली. मालखाना ऊबदार, त्यात पिवळे बल्ब लावले की झालं, असं गणित होतं. भिंतींवरचे अंड्यांचे ट्रे तसेच होते. बघायला आलेले पाहुणे ते बघून हसायचे. पिल्लं दिवसभर चिवचिवायची, आणि बेबीनंदानं दाणे टाकताना गाणं म्हटलं की चिडीचूप व्हायची. काकासाहेबांना हे मोठं शुभलक्षण वाटलं. राजानंदचं मत वेगळं होतं. "भेली असतील," तो म्हणाला. तो तेव्हा जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात लागला होता, रोज मोटारसायकलवर जायचा, आणि दिवसभर लोखंडाचा खणखणाट ऐकून आल्यामुळे घरी आल्यावर बायकोचा आवाज त्याला मऊ वाटायचा. हा संसार सुखाचा होण्याचं ते एक कारण आहे. पिल्लांचा धंदा मात्र लोडशेडिंगनं संपवला. बल्ब बंद, ऊब बंद.

पिल्लांनंतर मालखाना पुष्कळ दिवस कुलपातच राहिला आणि काकासाहेब त्याच्या दाराकडं बघून उसासे टाकत राहिले. मग रेशीम आलं. जालन्यात कोषांचा बाजार भरायला लागला होता, काकासाहेबांनी दोन एकर तुती लावली आणि मालखान्यात रॅक ठोकले. अळ्या तुतीचा पाला खायला लागल्या की बारीक आवाज येतो, शेजारच्या घरात कुणी मुरमुरे चाळत असल्यासारखा. बेबीनंदा त्यांच्यात रमली. पण पहिली बॅच सुस्तावली, दुसरी निम्मी मेली. काकासाहेब पाल्याला नावं ठेवत होते, बेबीनंदा नाकाला पदर लावून उभी होती.

"काकासाहेब, हितं वाराच न्हाई," ती म्हणाली. "मी बाई मानूस जरा वेळ थांबले तर जीव घाबरून राह्यला. त्या तर जन्मापासून हितं हायेत."

"मंग काय करायचं?"

"खिडकी पाडा."

काकासाहेबांनी भिंतीकडं पाहिलं. वडिलांनी घेतल्यापासून त्या दगडाला कुणी हात लावला नव्हता. दुसऱ्या दिवशी वडार आले. हातभर जाडीच्या भिंतीशी त्यांची चांगलीच झटापट झाली, आणि शेवटचा दगड निघाला तेव्हा दरोग्याच्या काळापासून कोंडलेल्या खोलीत ऊन पडलं. खिडकीतून रस्ता, त्यापलीकडचं मैदान आणि गणपतीच्या देवळाचं शिखर दिसत होतं. बेबीनंदा त्या दिवशी खिडकीतच बसून होती. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारून खिडकी दाखवत होती.

अळ्या सुधारल्या. वर्षभर बरं गेलं. मग तुतीला पाणी पुरेना. पाठोपाठ करोना आला आणि पुण्याहून परत आलेल्या गावच्याच मजुरांना गावानं बंगल्यात उतरवलं. अळ्यांच्या रॅकवर माणसं झोपली. बेबीनंदा लांबूनच त्यांच्याशी गप्पा मारायची. एवढ्या अंतरावरून सगळ्यांना बरोबर ऐकू जाईल अशी गावात ती एकटीच होती.

ते लोक आपापल्या घरी गेले आणि काकासाहेबांची सून आकांक्षा पुढं आली. तोच तो रडका आदिनाथ मोठा होऊन बियाण्याच्या कंपनीत लागला होता, त्याची ही बायको. शिकलेली, शांत, ठाम. ती सासऱ्यांना म्हणाली, "मामा, इथं अभ्यासिका करू. मुलं जालन्याला जाऊन खोल्या घेऊन राहतात. इथं शांत जागा आहे." शांत जागा हा शब्द काकासाहेबांना नवा होता, पण धंदा नवा म्हणून आवडला. टेबलं आली, दिवे आले. आकांक्षा किल्ली मागायला गेली, आणि किल्लीबरोबर बेबीनंदा आली.

तिला काम मिळालं ते असं: मुलं अभ्यास करत असताना दाराशी बसायचं आणि कुणाला बोलू द्यायचं नाही. सगळं राजूर हसलं. राजानंद तर जेवता जेवता हसला आणि त्याला ठसका लागला. पण बेबीनंदानं काम मनावर घेतलं. ती बोलायची नाही, नुसती बघायची. तिच्या त्या बघण्यानं मुलं पेन्सिलसुद्धा हळू ठेवायला लागली.

महिनाभरानं प्रीती नावाची पोलीस भरतीची तयारी करणारी मुलगी आकांक्षाकडं गेली. म्हणाली, "वहिनी, राग मानू नका, पण मावशी सारख्या गुणगुणतात."

आकांक्षानं बेबीनंदाला विचारलं. बेबीनंदाला हा आरोप मुळातच मान्य नव्हता.

"मी? बिलकुल न्हाई. मी तोंड शिवून बसलेली असते. त्या पोरीच्या कानातच काही तरी असंल."

आकांक्षा वाद घालणाऱ्यातली नव्हती. दुसऱ्या दिवशी तिनं मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू केलं आणि तो दाराजवळच्या कोनाड्यात ठेवून दिला. दुपारी मुलं जेवायला गेल्यावर तिनं बेबीनंदाला खिडकीजवळ बसवलं आणि ते लावलं.

आधी पंख्याची घरघर. मग पानं उलटल्याचा आवाज. आणि मग एका बाईचं गाणं. शब्द नाहीत, नुसती चाल. जयंतीच्या कुठल्याशा जुन्या कॅसेटमधली, सावकाश, स्वतःशीच म्हटलेली. मधेच एक लांब सूर सहज वर गेला, वर थोडा थांबला आणि तितक्याच सहज खाली आला.

बेबीनंदा ऐकत राहिली. मग म्हणाली, "ही कोन बाई?"

"मावशी, तुम्हीच."

"मीच?" तिनं मोबाईलकडं पाहिलं, मग आकांक्षाकडं. "पुन्यांदा लावा."

आकांक्षानं पुन्हा लावलं. ती चूक दाखवायला आली होती आणि इथं भलतंच चाललं होतं. बेबीनंदानं तिसऱ्यांदाही लावायला सांगितलं. या वेळी तिनं मान बाजूला केली आणि डोळे मिटले. ज्या खोलीबाहेर उभं करून तिच्याकडून एवढ्या कॅसेटी म्हणवून घेतल्या होत्या, त्याच खोलीत तिचा एकटीचा आवाज पहिल्यांदा तिच्या कानावर पडत होता. मोठा नव्हता. गोड होता. तिला वाटलं होतं त्याहून पुष्कळ गोड.

"चांगलाय की आवाज," ती डोळे उघडून म्हणाली.

"चांगलाच आहे," आकांक्षा म्हणाली. "पण मुलांचा अभ्यास..."

"ते बराबर हाये. ती पोरगी खोटं बोलली न्हाई. मी तिला सांगते तसं." मग तिनं विचारलं, "हे आमच्या ह्यांच्या मोबाईलवर धाडता येईल का?"

राजानंदनं ते संध्याकाळी अंगणात ऐकलं. कितीदा ऐकलं ते त्यालाच ठाऊक. मग आत जाऊन ढोलकी काढली, तिच्या कातड्यावरची शाई चाचपली आणि मोबाईल मांडीजवळ ठेवून त्यावर हलका ठेका धरला, इतका हलका की शेजाऱ्यांनासुद्धा ऐकू गेला नाही. बेबीनंदा भाकरी थापत होती. शेजारणीनं कुंपणावरून डोकावून विचारलं, "आज काहीच आवाज न्हाई. बरं हाये ना सगळं?"

गुणगुणणं मात्र थांबेना. आपण गुणगुणतो हे एकदा कळल्यावर तर ते वाढलंच. तिनं तोंडात लवंग धरली, लवंग चघळून संपली आणि चाल सुरू झाली. सुपारी धरली, तिचंही तेच. शेवटी ती स्वतःच आकांक्षाकडं गेली आणि म्हणाली, "ताई, दाराशी दुसऱ्या कुनाला बसवा. मी झाडलोट बघते, मैदानाकडची बाजू बघते. हे काम माझ्या घशाला जमून न्हाई राह्यलं." आकांक्षाला वाईट वाटलं, पण तिनं मान डोलावली.

मैदानाकडची बाजू म्हणजे रोज सकाळी भरतीची मुलं-मुली धावायची तिकडची. बेबीनंदा अंगण झाडत असायची आणि मुलं गोल गोल पळत असायची. प्रीती त्यांच्यात असायची. ती सुरुवातीलाच वारा प्यायल्यासारखी सुटायची आणि शेवटच्या फेरीत पोटाला हात लावून चालायला लागायची. रोज तेच. बेबीनंदा झाडू धरून बघायची, आणि तिला राहवायचं नाही. पार्टीतल्या नव्या पोरी असंच करायच्या, पहिल्या कडव्यातच सगळा दम उधळायच्या आणि मग धापा टाकत शेवट गाठायच्या.

एका सकाळी तिनं झाडू टाकला आणि मैदानाच्या कडेला जाऊन उभी राहिली. प्रीती सुटली तशी तिनं हाक मारली. सगळ्या मैदानानं वळून पाहिलं.

"ए पोरी, एवढी घाई कशाला करून राह्यली? माझ्या टाळीवर पळ. टाळीच्या पुढं न्हाई, मागं न्हाई."

प्रीतीला आधी वाटलं, मावशी त्या तक्रारीचा राग काढतायत. पण तो आवाज न ऐकण्याची सोय नव्हती. ती टाळीवर पळायला लागली. दुसऱ्या फेरीत टाळीबरोबर गाणं आलं, लग्नातल्या वरातीच्या चालीचं, ठेक्याला पक्कं. शेवटच्या फेरीला बेबीनंदानं लय थोडी चढवली आणि प्रीतीचे पाय आपोआप चढले. ती पूर्ण पळत आली, आडवी झाली आणि आभाळाकडं बघत म्हणाली, "मावशी, उद्या पण याल का?"

दुसऱ्या दिवशी मावशी आली. त्या आठवड्यात बाकीची मुलंही टाळीवर धावायला लागली. सुट्टीच्या दिवशी राजानंद ढोलकी घेऊन आला आणि मग तर पाणी भरायला निघालेल्या बायासुद्धा थांबून बघायला लागल्या. खिडकीपाशी बसून अभ्यास करणारी मुलं पुस्तकं मिटून बाहेर यायची, म्हणून आकांक्षानं अभ्यासिकेची वेळच पुढं ढकलली. काकासाहेब खुर्ची टाकून मैदानात बसायचे. पहिल्यांदाच त्यांचा धंदा भिंतीबाहेर चालला होता, आणि त्यात त्यांचं काहीच नव्हतं. तरी ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आपलंच आहे सगळं."

प्रीती त्या वर्षी मैदानात पास झाली, लेखीत राहिली. पुढच्या भरतीत दोन्हीत निघाली आणि जालन्याला हजर झाली. निकालाच्या दिवशी ती पेढे घेऊन आली, आधी बेबीनंदाच्या पाया पडली आणि म्हणाली, "मावशी, पळताना तिथं टाळी नव्हती. मी मनातल्या मनात म्हणत गेले."

"कोनचं?"

"वरातीचं. पण शब्द येत नव्हते, नुसती चाल म्हटली."

"चालच लागती," बेबीनंदा म्हणाली आणि दुसरा पेढा घेतला.

सध्या बंगल्यावर दोन पाट्या आहेत. पुढं अभ्यासिका, मागं मैदानी सराव. आजूबाजूच्या गावांतून जीपमधून मुलं येतात. राजानंद कारखान्यातून निवृत्त झाला आहे आणि रोज ढोलकी घेऊन मैदानात असतो.

आणि काकासाहेब. त्यांचे गुडघे दुखतात, घरी नातवंडांचा दंगा, म्हणून या उन्हाळ्यात त्यांनी आपली खाट मालखान्याच्या कोपऱ्यात, खिडकीखाली आणून टाकली. तिथं वारा चांगला लागतो. दुपारी जेवून येतात आणि आडवे होतात. परवा मुलांनी बेबीनंदाला शोधून काढलं. सगळ्यात पुढं घनसावंगीकडचा एक मुलगा होता, गंभीर चेहऱ्याचा.

"मावशी, काकासाहेब घोरतात. अभ्यास होत नाही. तुम्हीच उठवा. आम्हाला कसं बोलता येईल?"

बेबीनंदा पदर खोचून आत गेली. काकासाहेब उताणे झोपले होते. खिडकीतलं ऊन पायांवर आलं होतं, आणि घोरणं लयीत चालू होतं. तिनं तोंड उघडलं. तिची एक हाक पुरे होती, घोरणारा दारापलीकडं असता तरी उठला असता. ती जराशी थांबली. मग वाकून खिडकीचा पडदा ओढला, ऊन त्यांच्या पायांवरून बाजूला केलं आणि पाय न वाजवता बाहेर आली.

"व्हरांड्यात बसा रे," ती मुलांना हळूच म्हणाली. त्या पोरांना पहिल्यांदाच कळलं की तिला हळू बोलता येतं. "झोपून राह्यलेत ते. टेबलं धरा, मी एक बाजू उचलते."

मुलांनी टेबलं उचलली. एकाचा पाय उंबऱ्याला अडकला, टेबल दाणकन आपटलं आणि आतलं घोरणं थांबलं. सगळे जागच्या जागी उभे राहिले. थोड्या वेळानं ते पुन्हा सुरू झालं, तेव्हा बेबीनंदानं टेबलाची तिची बाजू व्हरांड्यात अलगद खाली ठेवली आणि पदरानं घाम पुसला.